एकशे वीस तास

दिवाळी अंकासाठी मजकूर पाठवा, असे संपादकांचे पत्र आले की आमच्या घरात एकच प्रश्न निघतो : यंदा पाळी कोणाची? या सदराने आजवर घरातली बहुतेक माणसे खर्ची घातली आहेत. सौभाग्यवतींच्या चकल्या झाल्या, सासरेबुवांची कवळी झाली, खुद्द अस्मादिकांचे घोरणे तर दोनदा झाले. उरली होती ती आमची कन्या. “बाबा, माझ्यावर एक ओळ लिहायची नाही,” अशी तिची सक्त ताकीद होती आणि ती मी इतकी वर्षे पाळली. यंदा मात्र तिने आपण होऊन परवानगी दिली. अट एकच घातली. म्हणाली, “मिरचीचं लिहा. पण तुम्ही फोनवर काय म्हणालात, तेही लिहायचं.”

आता आली का पंचाईत! पण दुसरा विषय सुचत नाही आणि संपादक थांबत नाहीत. तेव्हा लिहितो.

गोष्ट २०२२ सालच्या जूनमधली. कन्या वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन नुकतीच मोकळी झाली होती. तिच्या कॉलेजने फर्मान काढले होते की प्रत्येक विद्यार्थ्याने कॉलेजच्या भिंतींबाहेर कुठेतरी इंटर्नशिप करावी. आमच्या वेळी हिलाच उमेदवारी म्हणत. फरक एवढाच की उमेदवाराला गुण मिळत नसत, शिव्या मिळत. आता तीस तासांना एक श्रेयांक, असे चार श्रेयांक, म्हणजे एकूण १२० तास. तिच्या मैत्रिणींनी प्रयोगशाळा धरल्या, एकीने औषधाच्या कंपनीत गार हवेची खोली मिळवली. आमच्या कन्येने एके रात्री आमटीत पोळी बुडवता बुडवता जाहीर केले, “मी आबांच्या शेतावर जाणार.”

आबा म्हणजे आमचे भाजीवाले. भाजीवाले म्हटलेले त्यांना आवडत नाही, पण आमची ओळख तेवढीच. सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यात त्यांची तीन एकर जमीन आहे. तिथल्या सात शेतकऱ्यांचा एक गट आहे. ते कुणीही रासायनिक खत की औषध वापरत नाहीत. दर बुधवारी त्यांची गाडी पुण्यात येते आणि आमच्या सोसायटीच्या फाटकापाशी उभी राहते. भाव बाजाराच्या दीडपट. मी दर बुधवारी त्या भावाबद्दल कुरकुरतो आणि सौ. दर बुधवारी पिशवी भरून आणते.

“फुकट राबायला जायचं?” सौ.ने विचारले. “आणि तेही चिखलात? शेतकी कॉलेजची मुलं जातात ते वेगळं. त्यांना ते करायचंच असतं.”

शेतकी पदवीची मुले शेवटच्या वर्षी खेड्यात राहून ग्रामीण कृषी कार्यानुभव घेतात आणि वर्तमानपत्रे त्यांचे फोटो ‘कृषिदूत’ आणि ‘कृषिकन्या’ म्हणून छापतात, हे तिला वाचून ठाऊक होते. आमची कन्या त्यातली नव्हे. पण तिने उत्तर तयार ठेवले होते. तिने सांगितले की १९७१ साली लंडनमध्ये सेक्रेटरीची नोकरी करणाऱ्या सू कोपर्ड नावाच्या एका बाईला शनिवार-रविवार खेड्यात घालवावेसे वाटले. शेत नाही, खेड्यात नातेवाईक नाहीत, तर जायचे कुठे? तिने सेंद्रिय शेती करणाऱ्यांशी बोलून ठरवले की आम्ही येऊन काम करतो, तुम्ही जेवण आणि निजायला जागा द्या. त्यातून पुढे देशोदेशी पसरलेली एक चळवळच उभी राहिली. “पैसे कोणीच कोणाला द्यायचे नाहीत, आई.”

मीही त्यात भर घातली. सर आल्बर्ट हॉवर्ड नावाचा इंग्रज शास्त्रज्ञ १९०५ साली बिहारात पुसा येथे आला तो हिंदी शेतकऱ्याला शेती शिकवायला. थोड्याच दिवसांत त्याच्या ध्यानात आले की शिकायचे आहे ते आपणच. आणि शेतकरी व पिकावरची कीड यांनाच त्याने आपले प्राध्यापक मानले. पुढे १९२४ ते १९३१ तो इंदूरला होता. पालापाचोळा, शेण, गोठ्यातली मुतारी माती यांचे थर रचून, ते वेळच्या वेळी उलटून तीनेक महिन्यांत खत करण्याची जी रीत त्याने तिथे बसवली, ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणूनच ओळखली जाते. आपल्या होळकरांचे गाव असे साऱ्या जगाच्या उकिरड्यावर अजरामर झाले आहे, हे मी अभिमानाने सांगितले. सौ. म्हणाली, “जेवताना नको.”

परवानगी मिळाली. मी आबांना फोन केला आणि सांगितले की मुलीला १२० तास भरायचे आहेत.

पलीकडे क्षणभर शांतता. मग आबा म्हणाले, “एकशेवीस तास? साहेब, नांगराची मूठ तरी धरली का तिनं कधी?”

शेतकऱ्याच्या भाषेत तास म्हणजे नांगराने पाडलेली ओळ. आमचा हा घोळ निस्तरायला पाच मिनिटे गेली. शेवटी आबांना घड्याळाचा हिशेब कळला. पटला मात्र नाही. ते म्हणाले, “असली पोरं येत्यात माझ्याकडं. पहिलं पंधरा दिस त्यांस्नी शिकवण्यात जात्यात. दुसरं पंधरा दिस त्यांनी मोडलेलं सांधण्यात. मग कुठं गडी कामाला येतो, तवर त्याचा कागुद भरलेला असतो. पाठवा तुम्ही. राहील घरच्यावाणी.”

फुकट कोण राबते, याचा असाही हिशेब असू शकतो, हे मला तोवर सुचले नव्हते.

कन्या गेली. पहिल्या आठवड्यात तिने काय केले? आबांच्या पत्नीला सगळे काकी म्हणतात. त्या काकींनी तिला वाफ्यात तण काढायला बसवले. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थिनीने पानांचे निरीक्षण केले, हे काटेमाठाच्या कुळातले तण आहे असा शास्त्रशुद्ध निष्कर्ष काढला आणि दोन वाफे स्वच्छ केले. ती बुधवारच्या गाडीसाठी पेरलेली माठाची भाजी होती. कुळ बरोबर होते. काकी काही बोलल्या नाहीत. उपटलेला कोवळा माठ त्यांनी संध्याकाळी लसूण घालून परतला आणि तिच्याच ताटात वाढला.

मग ती जीवामृत करायला शिकली. २०० लिटर पाण्याच्या पिपात दहा किलो शेण, पाच-दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. हे सावलीत ठेवून दोन दिवस काठीने ढवळायचे आणि आठवड्याच्या आत शेताला द्यायचे. गूळ आणि पीठ हे मातीतल्या सूक्ष्म जीवांचे खाद्य. ते खाऊन त्यांची प्रजा वाढते. फोनवर हे ऐकून सौ. हवालदिल झाली. “दोन किलो बेसन? पिपात? अगं, तेवढ्यात दिवाळीचे लाडू होतात!” दशपर्णी अर्काचे मात्र तिला पटले, कारण त्यात बेसन नाही. कडुनिंब, करंज, सीताफळ, रुई, निरगुडी, पपई, एरंड असा दहा झाडांचा पाला महिनाभर पाण्यात कुजवून, रोज ढवळून तो अर्क होतो आणि किडीवर फवारतात. आबांनी मे महिन्यातच एक पिंप लावून ठेवले होते. वासाचे वर्णन कन्येने केले, ते मी इथे देत नाही. सणासुदीचे दिवस आहेत.

आता मिरचीकडे यायला हवे.

त्या वर्षी जूनभर पावसाने ओढ दिली. आबांनी विहिरीच्या पाण्यावर दहा गुंठे मिरची लावली होती. किडीला आडोसा म्हणून चारी बाजूंनी मक्याच्या दोन-दोन ओळी. कोरड्या हवेत मिरचीवर फुलकिडे वाढू लागले. आणि त्याच सुमारास ज्ञानेश्वर महाराजांची पालखी जिल्ह्यात आली. महामारीमुळे २०२० आणि २०२१ अशी दोन वर्षे पायी वारी झाली नव्हती, पादुका एस.टी.तून गेल्या होत्या. आबांनी ती दोन वर्षे कशी काढली ते काकींनाच ठाऊक. यंदा ते थांबणार नव्हते. जून अखेर ते लोणंदला जाऊन दिंडीत मिळाले. जाताना कन्येला म्हणाले, “मिरचीवर दशपर्णी मार. घाबरायचं न्हाई.”

ती घाबरली नाही, तिथेच चुकले. आबांच्या पाठीवरच्या पंपाचा वायसर गेला होता. तालुक्याला जाऊन नवा आणायचा तर एक दिवस मोडणार; पोरीला काम दाखवायची घाई. शेजारी ऊसवाले तात्या आहेत, त्यांच्याकडून तिने पंप मागून आणला. तात्यांनी सांगितलेही, “धुऊन घे गं, उसाला मारलंय.” तिने हौदावर पंप एकदा विसळला, अर्क भरला आणि फाटकाकडून सुरुवात करून चार पंपांत सगळी मिरची फवारली. मला फोटो पाठवला. पाठीवर पंप, डोक्याला टॉवेल, चेहऱ्यावर झाशीच्या राणीचा भाव. तो फोटो मी सोसायटीत सगळ्यांना दाखवला.

पाच-सहा दिवसांनी मिरचीची शेंड्याची पाने अरुंद होऊन वळू लागली. मिरचीला ‘चुरडा-मुरडा’ नावाचा रोग होतो, त्यात पाने आकसतात, हे तिने वाचले होते. तो रोग फुलकिड्यांसारख्या बारीक किडींनी बळावतो, हेही वाचले होते. म्हणून तिने काय करावे? पुन्हा तोच पंप आणला आणि पुन्हा फवारले.

आषाढी एकादशी १० जुलैला झाली आणि दोन दिवसांनी आबा परतले. कपाळावर बुक्का तसाच होता. चूळ भरून ते थेट रानात गेले; मागून कन्या. फाटकाजवळची झाडे सगळ्यात वाईट होती. पाने चपलेच्या पट्ट्यासारखी लांबट, देठ पिळवटलेले. पुढे पुढे ते कमी होत गेले होते आणि शेवटच्या भागात तर नुसती चाहूल. आबा पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत चालत गेले, परत आले आणि म्हणाले, “रोग काय पंप मोजून येतो व्हय गं? कुणाचा पंप हुता?”

कन्या सांगते की ते वाक्य ऐकले तेव्हा तिची नजर मक्यावर होती. फवारा मक्यावरही उडाला होता. मका हिरवागार, ताठ. आणि त्याला खेटून मिरची पिळवटलेली. मका एकदल. मिरची द्विदल. उसात रुंद पानाचे तण मारायला टू-फोर-डी वापरतात. ते गवतवर्गी पिकाला सोडते आणि रुंद पानांच्या झाडाला वेडेवाकडे वाढवून मारते, कारण ते झाडाच्या वाढीच्या द्रव्याचीच कृत्रिम नक्कल आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लागलेला हा शोध तिच्या क्रमिक पुस्तकात होता. दोन महिन्यांपूर्वीच्या परीक्षेत यावर प्रश्न आला होता आणि तिला दहापैकी नऊ गुण पडले होते. पंपाच्या नळीत, टाकीच्या कोपऱ्यात राहिलेले चार थेंब मिरचीला पुरतात आणि एकदा विसळून ते जात नाहीत, हे मात्र त्या पुस्तकात नव्हते.

रात्री तिचा फोन आला. रडत नव्हती, पण शब्द मोजून बोलत होती. मिरची गेली, ते तिने सांगितले. आणि पुढे सांगितले की आबा येत्या रविवारी गटाच्या बैठकीत हे सांगणार आहेत.

हा गट म्हणजे नुसती भाजी विकायची सोय नव्हे. २०११ पासून सरकारची एक योजना आहे, सहभागी हमी पद्धती तिचे नाव. मोठ्या बागाईतदाराला परदेशी माल धाडायचा तर तो तपासणी संस्थेला फी भरून सेंद्रियाचा दाखला घेतो. तीन एकरवाल्याला ते कुठून परवडणार? म्हणून निदान पाच शेतकऱ्यांनी गट करायचा, शपथ घ्यायची, एकमेकांच्या रानात जाऊन पाहणी करायची आणि एकमेकांसाठी हमी द्यायची. सगळा डोलारा शेजाऱ्याच्या शब्दावर. त्यात निषिद्ध औषध रानात पडले, तर ती जमीन सेंद्रियातून बाद होते आणि पुन्हा ‘रूपांतराच्या काळात’ जाते. हंगामी पिकांना तो काळ दोन वर्षांचा.

आणि आता, कन्येच्या अटीप्रमाणे, मी फोनवर काय म्हणालो ते.

मी म्हणालो, “हे बघ, तुझे तास भरले ना? मग उद्या निघ. आबांना काय सांगायचं ते मी सांगतो. मिरचीचे पैसे मी भरून देतो. पण गटात कशाला सांगायचं? दहा गुंठ्यांनी काय होतंय? कोण प्रयोगशाळा घेऊन बसलंय तपासायला? तुझं नाव कागदावर आलं तर कॉलेजात उगाच…”

एवढे बोललो. सगळे एका दमात बोललो. बापाच्या तोंडून असे वेळी किती सुरळीत निघते, याचे मला नंतर नवल वाटले. चौतीस वर्षे मी एका कचेरीत हिशेब तपासनिसाचे काम केले. दुसऱ्यांच्या वह्यांत चार आणे इकडचे तिकडे झाले तर शेरा मारला.

पलीकडून कन्या काही बोलली नाही. बोलली ती सौ., आणि तीही स्वयंपाकघरातून. “अहो, ती मिरची बुधवारी कुठं येणार होती?”

“कुठे म्हणजे?”

“आपल्याच फाटकाशी ना? आपणच दीडपट पैसे मोजून घेतो ना?”

मी फोन खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी कन्या निघाली नाही.

रविवारी मीच गेलो. खिशात पाकीट, पाकिटात पंधरा हजार रुपये. स्वारगेटहून साताऱ्याची गाडी, तिथून कोरेगाव, पुढे आबांच्या पुतण्याची मोटारसायकल. जूनमध्ये दडी मारलेला पाऊस आता सारे उट्टे काढत होता. मी पोचलो तेव्हा माझ्या अंगावर कोरडे असे फक्त ते पाकीट होते. आबांच्या ओसरीवर गटाची माणसे बसली होती. सात जण, त्यांत दोन बाया. चहा झाला. आबांनी घडले ते सांगितले; एक शब्द कमी नाही, जास्त नाही, पोरीच्या माथ्यावर काही घातले नाही. “माझं रान, माझी चूक. पंप दुरुस्त करून मी जायला पाहिजे हुतं.”

तेव्हा कन्या उभी राहिली. म्हणाली, “पंप मी आणला. मी एकदाच धुतला. दुसऱ्यांदाही मीच मारलं.”

कोणी रागावले नाही. रागावले असते तर मला बरे वाटले असते. गटातल्या एका बाईंनी विचारले, “सोडा टाकून धुतला हुतास?” नाही. “नळी सोडून, नोझल काढून?” नाही. “रातभर पाणी भरून ठिवला हुतास?” नाही. मग त्या म्हणाल्या, “ठिवला असतास तरी तणनाशकाचा पंप मिरचीला आणूच नये. आमची कपाशी गेली हुती अशीच, सासऱ्याच्या वेळंला.” आणि त्यावर एक तरुण शेतकरी मध्येच पेटला. त्याचे म्हणणे, दहा गुंठ्यांचे सोडा. शहरातली पोरे आणायचीच कशाला? ती चार दिवस येतात, फोटो काढतात, जातात. उद्या पुण्याच्या गिऱ्हाइकाला कळले, तर सातही जणांची गाडी बंद. त्याची मुले होती, कर्ज होते. मला त्याचे बोलणे लागले, कारण ते खरे होते. आबांनीही ते खोडले नाही.

चर्चा तासभर चालली. अखेर ठरले ते असे : ती दहा गुंठे पुन्हा रूपांतरात. त्यातले काहीही दोन वर्षे बुधवारच्या गाडीत चढायचे नाही. गिऱ्हाइकांना गाडीवर पाटी लावून सांगायचे. आणि पुढे विद्यार्थी घ्यायचे की नाहीत, ते दिवाळीनंतर पाहू.

बैठक उठल्यावर मी पाकीट पुढे केले. आबांनी ते घेतले, नोटा मोजल्या, बियाण्याचे आणि रोपांचे म्हणून बावीसशे काढून घेतले आणि बाकीचे परत दिले. मी म्हणालो, “अहो, पण दोन वर्षांचं नुकसान?”

“ते पैशानं कसं घ्यायचं, साहेब? रान काय पैशानं लौकर सुधारतंय व्हय? पोरीला गौरीच्या सुट्टीत धाडा. ही मिरची उपटायची हाय, ताग पेरायचाय, गाडायचाय. माणूस लागंल.”

येताना मी एकटाच आलो. ती आणखी बारा दिवस राहिली. त्या तासांना श्रेयांक नव्हते.

कॉलेजचा कागद आबांनी स्वतः भरला. त्यात ‘कामाचा दर्जा’ या रकान्यात पाचापैकी आकडा लिहायचा होता. त्यांनी दोन लिहिला. ‘या विद्यार्थ्यास पुन्हा घ्याल काय?’ या प्रश्नापुढे लिहिले : ‘होय. पंप दाखवून.’ कन्येने आपल्या अहवालात मिरचीवर एक अख्खे प्रकरण लिहिले. तिच्या कॉलेजातल्या मार्गदर्शकांनी सुचवले की हे प्रकरण गाळले तर अहवाल सुटसुटीत होईल. त्यांना मी काय म्हणून हसणार? तिने ते गाळले नाही, आणि श्रेयांक चारही मिळाले.

गाडीवरची पाटी पुढच्या बुधवारी आली. आमच्या सोसायटीतल्या दोन बिऱ्हाडांनी भाजी घेणे बंद केले. त्यातले एक पुढे परत सुरू झाले, एक नाही. मी मात्र भावाबद्दल कुरकुरायचे सोडले, निदान मोठ्याने.

कन्या गौरीच्या सुट्टीत गेली. मग नाताळच्या सुट्टीत गेली. दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात तिसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन गेली. त्या दहा गुंठ्यांत ताग झाला, चवळी झाली, घरच्यापुरता बाजरा झाला. गटाचे लोक ठरल्या वेळी येऊन पाहणी करून जात, वहीत लिहीत. २०२४ सालच्या जुलैत दोन वर्षे भरली. गटाने जमीन पुन्हा सेंद्रियात घेतली, तेव्हा आबांचा फोन आला. माझ्याकडे नव्हे, तिच्याकडे.

त्याच पावसाळ्यात मी सौ.ला घेऊन आबांकडे गेलो. विद्यार्थी घ्यायचे की नाहीत, हा वाद गटात बरेच दिवस चालला होता आणि मग अर्धवट मिटला होता : एका वेळी एकच, तोही निदान एक हंगाम राहणारा. आम्ही गेलो तेव्हा मुंबईचा एक पोरगा आलेला होता, अभियांत्रिकी सोडून शेती करू पाहणारा. गोठ्याच्या भिंतीला दोन पंप टांगलेले होते, दोन्ही आबांचेच, आणि दोन्हींवर तेलरंगाने आमच्या कन्येच्या अक्षरात लिहिले होते : ‘द्यायचा नाही. आणायचा नाही.’

हौदापाशी ती पोरगा आणि पंप दोघांना समोर उभे करून बसली होती. नोझल काढलेले, नळी सोडलेली.

“अगं, पण हा तर आपलाच पंप,” तो म्हणत होता. “आणि दोनदा धुतलाय मी.”

“मग तिसऱ्यांदा धू,” ती म्हणाली आणि आमच्याकडे न बघता तिने हौदात बादली बुडवली.